काकांच्या परीक्षेची तारीख

इंग्रजीच्या परीक्षेविषयी जेवढे गैरसमज या भूतलावर आहेत, ते सगळे एकाच माणसाकडे मुक्कामाला आहेत आणि तो माणूस बदलापूरच्या मांजर्लीत आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. हे मी अधिकाराने सांगतेय. परदेशी जाणाऱ्यांना जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिचे क्लास मी इथेच घेते, त्यामुळे गैरसमजांशी माझी रोजची उठबस. पण खालच्या काकांची सर कुणालाच नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते ऑफिसर म्हणून रिटायर झाले. काकू गेल्या, आणि एकुलता एक मुलगा कॅनडात. ‘बाबा, इकडे राहायला यायचं तर आधी ती इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते,’ असं मुलाने फोनवर सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात हजर. “मॅडम, मी तयारीला लागलोय!”

आणि लागले ते असे काही लागले, की बिल्डिंगला पळता भुई थोडी झाली. गोऱ्या साहेबासारखे उच्चार काढल्याशिवाय मार्क पडत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. सरावासाठी त्यांनी धरलं दूधवाल्याला. जीभ वळवून वळवून ते त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. दोन-चार दिवस त्या बिचाऱ्याने सोसलं आणि मग काळजीने विचारलं, “काका, तोंड आलंय का? तुरटीच्या गुळण्या करा.” शब्द जितका अवघड तितके मार्क जास्त, हा दुसरा साक्षात्कार. त्या भरात त्यांनी सोसायटीच्या टाकीसफाईची नोटीस अशा काही इंग्रजीत लिहिली, की ती कुणालाच कळली नाही आणि अर्धी बिल्डिंग अंगाला साबण लावून नळाकडे बघत बसली. सूट घातल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, असं समजून ते उल्हासनगरला जाऊन सूट शिवूनही आले. माप घेताना तिथल्या सिंधी दुकानदाराने कौतुकाने विचारलं, “साईं, लड़के की शादी है क्या?” काका छाती फुगवून म्हणाले, “नो. आय अ‍ॅम अपिअरिंग.”

आता गंमत ऐका. या माणसाचं इंग्रजी मुळात उत्तम आहे! सगळी नोकरी इंग्रजी रिपोर्ट लिहिण्यात गेलेली. साधं सरळ बोलायला लागले की माझ्या वर्गातल्या पोरांनी कान धरावेत. पण साधं बोलतील तर शपथ! तोंडी परीक्षेत एक विषय देतात, त्यावर दोन मिनिटं बोलायचं असतं. रोज संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांची परीक्षक व्हायची. एकदा विषय निघाला, ‘घरच्यांबरोबर अलीकडे साजरा केलेला सण.’ काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

“मॅडम, अलीकडचा नाहीये,” शेवटी म्हणाले.

“अहो, मग बनवून सांगा! भाषा बघतात ते. तुमच्या घरी येऊन कोण बघणार आहे, कंदील लावला होता की नाही?”

“खोटं नाही चालत. व्हेरिफाय करतात.”

मला हसू आलं. मग त्यांच्यामागची जेवणाच्या टेबलाच्या रिकाम्या खुर्च्यांची ती रांग दिसली आणि हसू गेलं.

एवढी तयारी, पण तारीख म्हणून घेतील तर! मी लॅपटॉप उघडला की यांची सबब तयार. मुंबईचे परीक्षक कडक, नाशिकला सोपं जातं. उन्हाळ्यात पेपर अवघड काढतात. एकदा मार्क कमी पडले की पासपोर्टवर कायमचा शिक्का बसतो. मी कपाळावर हात मारून घ्यायची. “काका, या परीक्षेत नापास असा प्रकारच नसतो हो! वाटेल तितक्या वेळा द्या!” ते मान हलवायचे. “तुम्हाला नाही कळायचं, मॅडम.”

मग एक दिवस क्लासमध्ये सहज विषय निघाला. आमच्या क्लासचे मालक व्हिसाचे कागदही करून देतात. मी त्यांना विचारलं, मुलाकडे राहायला जाणाऱ्या वडिलांना किती मार्क लागतात? ते माझ्याकडे बघतच राहिले. “आई-वडिलांना कसली परीक्षा? मुलाने बोलवायचं, कागद भरायचे, झालं.”

मी तडक खालच्या मजल्यावर. काका पोळी भाजत होते. “काका, परीक्षा लागतच नाही तुम्हाला! सगळा गैरसमज!”

त्यांनी शांतपणे गॅस बंद केला. “माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं मी, त्यांच्या सरकारच्या वेबसाइटवर.”

“मग मुलाला बोलला का नाहीत?”

“काय बोलू? ‘बाबा, नका येऊ’ म्हणायला त्याची जीभ रेटली नसेल हो. लहान घर, दोघांच्या नोकऱ्या, त्यात मी. असेल काहीतरी अडचण. परीक्षा दिली आणि मार्क चांगले पडले, तर त्याला दुसरं कारण शोधावं लागेल. नाही सापडलं तर खरं सांगावं लागेल. त्यापेक्षा हे बरं. रविवारी फोन आला की तो विचारतो तयारी कुठवर आली, मी म्हणतो चाललीय. बोलायला विषय तरी होतो.”

मला रडूच फुटलं. रागही आला, कुणाचा ते धड कळेना. काकांनी मला बसवून गरम पोळी खायला घातली.

मी अजूनही रोज संध्याकाळी खाली जाते. तारखेचं नाव काढत नाही. गेल्या रविवारी मी तिथे असतानाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

“बाबा, तयारी काय म्हणतेय?”

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “मॅडम म्हणतात, अजून कच्चं आहे.”

“हो ना!” मी मोठ्याने म्हणाले. “बराच वेळ लागेल अजून.”

“लागू दे, लागू दे. घाई नका करू हं, बाबा,” मुलगा म्हणाला, आणि काय सांगू, इतक्या मायेने म्हणाला!