सातव्या वहीचं पान

रिक्षावाल्याला थांबवून "तुमचा हॉर्न उतरलाय, जरा वर घ्या" असं सांगणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि नेमका तोच आम्हाला शाळेत बँड शिकवायचा. आमचे बँडचे सर भाजी आणायला निघाले तरी डावा-उजवा मोजत चालत. कुणाकडे गेले की कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते आधी सांगत, मग चहा घेत. मिसळीच्या दुकानात ते टेबलावर असा काही ताल धरत की मालक म्हणायचा, "सर, रस्सा हवा तेवढा घ्या, पण चमचे खाली ठेवा." अनोळखी वरातीत शिरून क्लॅरोनेटवाल्याचा सूर दुरुस्त करणं तर नेहमीचंच. एकदा नवरदेवाचा मामा समजून लोकांनी त्यांना फेटा बांधला. तो त्यांनी परत दिला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं, देशभक्तीची गाणी शाळांच्या बँडसाठी बसवून द्यायची. या कामाला ते वाटणी म्हणत. पिशवी घेऊन एसटीनं जायचं, शाळेचं कपाट उघडायला लावायचं आणि आत जी वाद्यं असतील त्यांच्यात गाणं वाटून लिहायचं. नामपूरच्या एका मास्तरांनी ओशाळून सांगितलं, "सर, आमनाकडे बिगुल एकच शे." सर खूश झाले. म्हणाले, "छान. भांडण मिटलं."

आम्हाला शिकवत तेव्हापासूनच त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या सात वह्या असत. सहा वाजवणाऱ्यांच्या आणि सातवी ज्याला काहीच जमत नाही त्याची. तिच्यात त्रेसष्ट मात्रा नुसत्या आडव्या रेघा आणि चौसष्टाव्या मात्रेला ट्रँगलचा, म्हणजे त्या लोखंडी त्रिकोणाचा, एक ठोका. तिथं बाकीचा सगळा बँड थांबायचा. "असं एक पोर प्रत्येक शाळेत असतंच," सर म्हणत. "त्याला काय लोकांत बसवायचं?"

आमच्या शाळेत ते पोर मी होते. माझी मोजणी चाळिसाच्या पुढं हमखास घसरायची, म्हणून चौसष्ट आलं की सर समोरून भुवई उचलायचे आणि मी टिंग करायचे. सगळा बँड आपल्या लेकीसाठी थांबतो, असं आईला वाटायचं आणि तिचे डोळे भरून यायचे.

पुढं मी छपाईचं दुकान टाकलं. गेल्या वर्षी सर पिशवीभर वह्या घेऊन आले. "हाताला कंप सुटलाय गं. आता सगळ्याचं एक पुस्तक कर. गावोगाव पाठवू. आहे तसं छाप, एवढंच." त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळं प्रुफं मीच पाहिली. छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा, आणि पानं त्या हिशेबात बसेनात. कुठली काढावीत म्हणून चाळत बसले, तर प्रत्येक गाण्यामागं एक पान जवळजवळ कोरं. नुसत्या रेघा. मी ती सगळी काढून टाकली. न ओळखता काढली असती तर एक वेळ ठीक होतं. पण मी ओळखलं होतं. एका ठोक्यासाठी कोण अख्खं पान वाया घालवतं, असं मला, मला वाटलं. हे लिहितानाही कान तापतात.

पंधरा ऑगस्टला सर मला सायखेड्याच्या शाळेत घेऊन गेले. नव्या पुस्तकावरून बँड सुरू झाला आणि मी नकळत मोजू लागले. चौसष्ट आलं. बँड थांबला. शांतता. माझ्या शेजारी सरांनी दोन्ही हात उचलले आणि एकच टाळी वाजवली. लोक वळून बघू लागले. बँड पुढं सुरू झाला.

कडेला लोकांत एक मुलगी मांडीवर ट्रँगल घेऊन बसली होती. तिच्या बाई म्हणाल्या, "हिला पुस्तकात जागाच नाय ना. मग बसवली हितं."

परतीच्या एसटीत मीच म्हटलं, "सर, ती पानं मी काढली." त्यांनी चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं, बाइंडिंगवाल्यानं गाळली असतील." सायखेड्यापासून नाशिक इतकं लांब आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ती पानं मी वेगळी छापली, नामपूरपासून कळवणपर्यंत सगळ्या शाळांना पोस्टानं पाठवली. सायखेड्याची मात्र स्वतः जाऊन पुस्तकात चिकटवली. सव्वीस जानेवारीला पुन्हा गेले. सर आता पुण्याला मुलाकडे असतात, प्रवास झेपत नाही. बँड थांबला तेव्हा ती मुलगी गोंधळून इकडंतिकडं बघू लागली. मी पहिल्या रांगेतून भुवई उचलली. टिंग.

तिथूनच सरांना फोन लावला.

"वाजला?"

"वाजला, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. "आणि कळवणला?"

कळवणच्या शाळेत पानं पोचली असतील. ती कुणी पुस्तकात चिकटवली का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.