उत्तरेच्या बांधावरचं यंत्र

निलम खिल्लारेबद्दल मला चांगलं बोलायला लावू नका. कळमनुरीची पोरगी, बाप गवंडी, सर्व्हेचं शिकली अन् गेल्या वर्षी आमच्या मोजणीच्या ऑफिसात आली. मी बावीस वर्षं जमिनी मोजून राहिलो. मालक शंकरसिंग माझ्याशिवाय चहा घ्यायचे न्हाईत. तिनं एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशोब करणारा प्रोग्राम लिहिला, अन् मला कोणी चहाला बोलवेना.

हद्दीच्या दगडाची दिशा मी कॅल्क्युलेटरवर काढायचो. मोजणीच्या यंत्रापासून दगडाचं पूर्वेचं अंतर भागिले उत्तरेचं, त्याचा टॅन इन्व्हर्स, की कोन तयार. अर्धा दिवस जायचा. तिनं बटन दाबलं की चाळीस दगडांचे कोन एका दमात. मालक म्हणाले, "शिरड शहापूरचं काम झालं की मोजणीचा मुख्य कोण ते ठरवू." मी तिच्या मॅक्रोत खोट शोधायला लागलो.

मग तिची चूक मला सापडली. ईशान्येचा दगड असो की नैर्ऋत्येचा, टॅन इन्व्हर्स कोन एकच देतो. दगड यंत्राच्या दक्षिणेकडं असला तर वर एकशेऐंशी अंश मिळवावे लागतात. मॅक्रोत ते नव्हतंच. ऊन पाठीवर राहावं म्हणून आमी यंत्र कायम दक्षिणेच्या बांधावर लावतो, सगळे दगड उत्तरेला पडतात, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं न्हाई.

सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी गप बसलो. अन् शिरड शहापूरला ग्यानबाच्या शेतात यंत्र मुद्दाम उत्तरेच्या बांधावर लावलं.

निलमनं कोन वाचून यंत्र फिरवलं. त्याचं तोंड शेताकडं न्हाई, मागं शेजारच्या मंजुळाबाईच्या हळदीच्या वावराकडं. दुसऱ्या दगडालाबी तेच. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या हळदीत कोणाचा दगड गाडून राहिली, बाई?" लोक हसले. मीबी हसलो.

"हिच्या मॅक्रोला दक्षिण ठाऊक न्हाई," मी मोठ्यानं सांगितलं.

मोजणी बघायला आलेल्या मालकानं तिच्याकडं पाहिलं, मग डोळ्यांवर हात धरून सूर्याकडं. "अमृतराव, बावीस वर्षांत तुमी उन्हाकडं तोंड करून यंत्र लावलं न्हाई. आजच काहून?"

निलम लॅपटॉप मांडीवर घेऊन बांधावर बसली होती. "काका, तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

तिनं दोन ओळी टाइप केल्या, कोन बराबर आले.

आता यंत्रामागं ती असते, अन् ज्या काठीवर नेम धरतात ती काठी घेऊन मी उन्हात फिरतो. लांबून हात करून ती सांगते, "काका, थोडं डावीकडं." अजूनबी काकाच म्हणते. शिवी दिली असती तर एवढं झोंबलं नसतं.