बगळ्यांवर सांडलेला भंडारा

डॉक्टरांनी मला औषध दिलं ते तळ्याचं. "बागेतल्या तळ्याला रोज दोन चकरा मारा, पण सावकाश. पळायचं नाही." पळायचं मी शाळेत असतानाच सोडलं होतं, त्यामुळं हे पथ्य मला लगेच जमलं.

तळं तसं लहानच. एका बाजूला पायऱ्या आणि लोखंडी कठडा, मधे बाभळीचं बेट, त्यावर बगळे आणि पाणकावळे. आठवडाभर मी त्याला चकरा मारत होतो आणि यातलं काहीच बघितलं नव्हतं. माझी नजर मोबाईलवर, पावलं किती झाली त्यावर.

मृग जवळ आला होता. त्या रविवारी आम्ही दोघं अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेलो. येताना बायकोनं भंडाऱ्याची कागदी पुडी माझ्या खिशात टाकली. "शेजारीपाजारी द्यायचाय. सांडू नका." सांडू नका म्हटलं की माझ्या हातून काय होतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या ध्यानात कसं राहत नाही, कोण जाणे.

संध्याकाळी तोच शर्ट घालून तळ्यावर गेलो. पायऱ्यांपाशी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, त्याच्याबरोबर पुडीही आली आणि कठड्यावर आपटून फुटली. वारं सुटलेलंच होतं. खालच्या पायरीवर पाच-सहा बगळे उभे होते, त्यांच्या अंगावरून पिवळा ढग गेला. क्षणभर तिथं यात्राच भरली! बगळे उडाले. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि उरलेला भंडारा रुमालात बांधून घरी आलो.

"दिला का भंडारा?"

"उद्या देतो," म्हणालो.

सकाळी पुन्हा तळ्यावर गेलो, आणि पायऱ्यांकडं बघून जागीच थांबलो. बगळ्यांची डोकी पिवळी. माना पिवळ्या. पाठीवरही पिवळं, चांगलं केशरी म्हणावं असं. त्यातला एक तर मान आत ओढून, डोळे मिटून, एका पायावर उभा. हा आता पडतोय, मी म्हटलं.

हळदीनं कुणी मरत नाही, हे मला कळत होतं. पण हल्ली भंडाऱ्यात हळद किती आणि रंग किती, हे त्या देवालाच ठाऊक. पिसं साफ करताना चोचीतून पोटात गेलं असेल तर? देवाचा भंडारा, आणि माझ्या हातून पाखरं मरायची. रात्रीतून असा पक्का रंग चढला कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस मी! पण मला सुचलं ते एकच. बगळे धुवून काढायचे.

पायऱ्या उतरलो, बाटलीतलं पाणी एका पायावरच्या बगळ्यावर उडवलं. त्यानं दुसरा पाय खाली घेतला, माझ्याकडं नापसंतीनं बघितलं आणि दोन पावलं सरकला. मीही सरकलो. बाटली तळ्यातून भरून पुन्हा उडवलं. तिसऱ्या खेपेला शेवाळावरून पाय घसरला आणि मी बुडाएवढ्या पाण्यात बसलो.

"सायब, बगळ्याला आंघुळ घालायलाव का काय?"

कठड्यापाशी एक म्हातारा धनगर काठीवर रेलून उभा होता. पलीकडच्या काठावर त्याची मेंढरं चरायची. रोज दिसायचा, बोलणं कधी झालं नव्हतं. आता पाण्यात बसूनच त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग खोकला येईस्तोवर हसला आणि काठीनं पलीकडं दाखवलं. मेंढरांच्या पायांत दहा-बारा बगळे किडे टिपत होते. सगळ्यांची डोकी पिवळी.

"तिकडं बी तुमीच उधळलाव व्हय?"

"नाही हो!"

"आवं, गायबगळा हाय त्यो. मिरूग आला की असाच पिवळा हुतो, जोडी जमवायची असती त्येला. दिवाळीपतुर परत पांढराफेक. तुमी तर नवरदेवाची हळद धुवाय बसलाव!"

"आणि तो एका पायावरचा?"

"झोपला हुता. उठवलाव तुमी."

मी पाण्यातून उठलो नाही. उठावंसंच वाटेना. इतका मोकळा श्वास डॉक्टरांच्या खोलीतही कधी घेतला नव्हता. पाखरं जिवंत होती, मी निर्दोष होतो, आणि पाणी छान गार होतं.

"भंडारा उरलाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं. हात धरून मला वर घेतलं, माझ्या शर्टाच्या खिशात कोरड्या राहिलेल्या रुमालाची गाठ सोडली, चिमूट आपल्या कपाळाला लावली, एक माझ्या. "येळकोट," म्हणाला आणि मेंढरांकडं निघून गेला.

मग मी दोन चकरा मारल्या, ओल्या विजारीनं, मोबाईल न बघता.

घरी बायकोनं आधी विजार बघितली, मग कपाळ. लपवण्यात अर्थच नव्हता. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्यांचा भंडारा बगळ्यांना." एवढंच. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तीच चपला घालून दारात उभी.

"चला," म्हणाली, "नवरदेव दाखवा. आणि खिसे रिकामे करून या."