गाडीच्या तळाची चार भोकं

"बाबूजींनी धानाची पोती वाहून वाहून गाडी सडवली," असं मी गोंदियाच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रीला सांगितलं, तेव्हा बाबूजी, म्हणजे माझे वडील, शेजारीच एका जुन्या टायरवर बसले होते. ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

गाडी त्यांचीच. आता रस्त्यावर दिसत नाही अशी, गोल पाठीची, पांढरी. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ते कामठ्याच्या आमच्या शेतातल्या बायांना संध्याकाळी तिच्यातून घरी सोडायचे. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडी गळताहेत, आणि अशा पाच-सहा जणी मागे दाटीवाटीने बसलेल्या. मी नागपुरात नोकरी करणारा. मला ती गाडी चारचौघांत मिरवायची होती, आणि बाबूजी तिची बैलगाडी करून टाकत होते.

चार वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी मी ती सजवायला घेतली. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, तळाच्या पत्र्याला चार भोकं दिसली. मला वाटलं, गंजाने पडली.

"राहू दे ना गा त्या भोकाइले," बाबूजी म्हणाले.

मी हसलो. पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी आणली, चारही भोकं भरून टाकली, वर पुढपासून मागपर्यंत लाल गालिचा चिकटवला आणि बायांना यात बसवायचं नाही असं बजावलं. पुढे दर सुट्टीत पाइप लावून गाडी आतूनबाहेरून धुवायचो. बाबूजी नुसतं कोरडं फडकं फिरवायचे, त्यावरूनही मी त्यांना टोमणे मारायचो. नाकाने कांदे सोलायची मला भारी सवय.

यंदा दिवाळीला ब्रेक दाबताना माझी टाचच पत्र्यातून खाली गेली.

मिस्त्रीने गालिचा उपटला. खालून कुबट पाणी निघालं. तळाचा पत्रा पापडासारखा तुटून त्याच्या हातात आला. मग त्याने डिकी उघडून आत हातोडीने ठोकून पाहिलं. तिथला पत्रा ठणठणीत होता.

"पोते तो डिकी में रहते थे, भैया," तो मला म्हणाला. "डिकी को कुछ नहीं हुआ."

तो पुन्हा आत वाकला. छिन्नीने लांबीचा एक गोल खपला काढून त्याने तो बाबूजींना दाखवला. "काकाजी, ये छेद तो मैंने ही किए थे. आपने ही बोला था, रोवणीवाली औरतों का पानी निकलना चाहिए. ये बंद किसने किए?"

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या, आणि चोर मी होतो. बाबूजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मी डिकीत बघत राहिलो.

"माह्याच हातानं झालं असन," शेवटी ते म्हणाले.

मिस्त्री त्यांच्यावर चिडला. इतक्या वर्षांची ओळख, त्या हक्काने बोलला. उमर झाली, आता गाडीला हात लावू नका, पोराला विचारत जा, असं बरंच काही. गावात कुणाचं ऐकून न घेणारा माझा बाप मान खाली घालून ते ऐकत होता. मी उपटलेला गालिचा गुंडाळायला घेतला.

नवीन पत्रा जोडायला चार दिवस लागणार होते. आम्ही ऑटोने कामठ्याला निघालो. गाव जवळ आलं तेव्हा कुठे माझा धीर झाला.

"बाबूजी, ती लांबी मी भरली होती."

"मालूम हाय मले," ते बाहेर बघत म्हणाले. "चष्मा पुसून राहिलो होतो ना, तवा तुहीच वाट पाहून राहिलो होतो."