नळी कुणी धरायची?

आमच्या घरातल्या कामांची शास्त्रशुद्ध वाटणी मी आयुष्यात एकदाच केली आणि त्या दिवशी घरात प्यायलाही पाणी उरलं नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावोगावी कमानी लागल्या, हार आले, भाषणं झाली. पाऊस तेवढा आला नाही. मी नव्या कचेरीत धाकटा कारकून. जिल्हा नवा असला तरी खुर्च्या जुन्याच होत्या आणि त्यातल्या निम्म्या जुन्या जिल्ह्याने परत मागितल्या होत्या. म्हणून साहेबांनी एक दिवस आम्हाला उभ्यानेच प्रशिक्षण दिलं. फळ्यावर पाच गोल काढले आणि म्हणाले, "कुणी गोड बोलणारा, कुणी खमका, कुणी नजर ठेवणारा, कुणी देखरेख करणारा. प्रत्येकाने आपल्या स्वभावाचं काम करायचं. एकाचं उणं दुसऱ्याने भरायचं." (पाचव्या गोलात काय होतं ते मला आठवत नाही. पुढचं सगळं त्या पाचव्या गोलामुळे झालं असावं.)

मी शनिवारी रेणापूरला घरी गेलो तो हे ज्ञान घेऊनच. घरात निराळीच धांदल होती. दुसऱ्या दिवशी उदगीरहून अकरा पाहुणे महानंदाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला येणार होते. स्थळ चांगलं होतं आणि घरात दोन घागरी पाणी होतं. टँकर दोन दिवसांआड गल्लीच्या कोपऱ्यावर, आमच्या दारापुढेच यायचा, तो नेमका त्या दुपारी यायचा होता. आमच्या गल्लीचा रिवाज असा, की ज्या घरी पाहुणे येणार त्याची पहिली पाळी. म्हणजे करायचं एवढंच होतं की टँकरची नळी आमच्या दोन पिंपांत सोडायची. हे काम पाच वर्षांच्या पोरानेही केलं असतं. मी त्याचं नियोजन केलं.

कागद घेतला. वडील, म्हणजे अप्पा, शांत माणूस. त्यांना रस्त्याच्या वळणावर नजर ठेवायला बसवलं. तात्या, माझे काका, बोलायला गोड. त्यांच्याकडे ड्रायव्हर दिला. काकूचं तोंड तालुक्यात प्रसिद्ध, म्हणून तिला पिंपांपाशी बंदोबस्ताला उभं केलं. मी देखरेखीला.

"मी नळी धरते की, भाऊ," महानंदा म्हणाली.

"तू घरात बस. उद्या तुला बघायला येणार आहेत, उन्हाने काळी पडशील."

टँकर आला, आमच्या दारापुढे थांबला, ड्रायव्हर उतरला. मग मागून अप्पा सावकाश चालत आले आणि मला म्हणाले, "टँकर आला बरं का."

तात्यांनी मात्र काम चोख केलं. "या पाहुणे, घोटभर चहा घ्या."

ड्रायव्हर हदगावकडचा. तो म्हणाला, "चहा र्‍हाऊ द्या काका. चार दिस झाले, गावोगाव पाणी वाहून राहिलो, पण अंगावर थेंब न्हाई बघा."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात तेवढंच कमी नव्हतं. "अरेरे. चला, आमच्या मोरीत दोन तांबे घ्या अंगावर."

ड्रायव्हर आत गेला. टँकरचा कॉक उघडायचा पाना त्याच्या पँटच्या खिशात होता आणि पँट मोरीच्या दारावर. बाहेर पाण्याने भरलेला टँकर, मागे घागरींची रांग, आणि आतून तांब्याचा आवाज. मी आवाज मोजत होतो. दोन तांबे केव्हाच होऊन गेले होते. मग तात्यांचा आवाज आला, "पाठ चोळून देऊ का?"

तेवढ्यात काकूला कळलं की घरातल्या शेवटच्या दोन घागरी चालल्या आहेत. खमकेपणा हे तिचं नेमून दिलेलं काम होतंच, फक्त दिशा बदलली. पिंपं सोडून ती आत घुसली. "स्वतःच्या बायकोला कधी इचारलं का पाठ चोळू म्हणून?"

ड्रायव्हर ओल्या केसांनी पळत बाहेर आला आणि कॉक उघडला. पाणी धो धो सुटलं. नळी जमिनीवर सापासारखी उड्या मारायला लागली. मी कागद बघितला. नळीपुढे कुणाचंच नाव नव्हतं.

"कागदात काय बघायलास बाबा, नळी धर की," शेजारच्या गंगाबाई ओरडल्या. दोन पावलांत त्यांनीच ती उचलली आणि आपल्या घागरीत सोडली.

"मावशी, पहिली पाळी आमची आहे."

"झाली की तुमची पाळी. तुमच्या मोरीतून वाहून गेली." गल्लीने माना हलवल्या. याला उत्तर देऊ शकणारी एकच बाई आमच्या घरात होती आणि ती आत तात्यांशी बोलत होती.

नवव्या घरापाशी टँकर संपला. नळी उलटी केल्यावर तांब्याभर पाणी निघालं, तेही अप्पांच्या लिंगपूजेला ठेवावं लागलं. मी पिंपात डोकावलो. आत कोरडा तळ होता आणि मीच होतो. "आता उद्या काय करायचं?" असं मी विचारलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

महानंदा रिकामी घागर कमरेवर घेऊन गंगाबाईंच्या दारात गेली. संध्याकाळपर्यंत घरटी एकेक घागर आमच्या पिंपात आली. "पाव्हणे गल्लीचे असत्यात, तुझ्या एकट्याचे न्हाईत," गंगाबाई ओतताना मला सुनावत होत्या. "लई शिकलास रे."

पाहुणे आले, जेवले, हात धुवायलाही पाणी पुरलं. मी निश्चिंत झालो होतो. पण काकूने पान देता देता सगळी हकीकत मुलाच्या वडिलांना सांगून टाकली, अभिनयासकट. त्या गृहस्थांनी पान तोंडात ठेवलं आणि ते अप्पांना म्हणाले, "मुलगी पसंत. देण्याघेण्याचं काही नाही. एकच अट आहे."

"बोला," अप्पा म्हणाले.

"लग्नात मुलीच्या भावाला कसलंच काम सांगायचं नाही."

अप्पांनी अट तिथल्या तिथे मान्य केली. लग्न निर्विघ्न पार पडलं. पुढे घरात आणखी चार लग्नं झाली, ती अट कुणी न घालताच पाळली गेली.