सोमवार पाळणारा चोर

सहकार म्हणजे विश्वास, आणि विश्वासाला कुलूप लागत नाही. हे वाक्य आमच्या पतसंस्थेच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेले होते. त्याच्या खालीच लोखंडी ग्रील होते आणि ग्रीलला दोन कुलपे.

शाखांना ब्रॉडबँड नुकते मिळाले होते. संस्थेचे सगळे हिशेब मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर असत आणि त्या सर्व्हरची राखण माझ्याकडे होती. त्यावर कोण आले, कुठून आले, याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. एके दिवशी ती चाळताना दिसले, की कोणीतरी रोज जेवणाच्या सुट्टीत विजयदुर्ग शाखेतून थेट सर्व्हरच्या मुख्य खात्यावर येते, पासवर्ड न देता. तीनचार मिनिटे थांबते आणि जाते.

मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी आणखी लांबलचक पासवर्ड ठेवला. तो आला. ज्याला पासवर्ड विचारलाच जात नाही त्याच्यासाठी पासवर्ड बदलणे म्हणजे उघड्या दाराचे कुलूप बदलणे, हे मला कळत होते; पण करण्यासारखे दुसरे काही सुचत नव्हते. नोंदी अधिक तपशिलाने लिहायला लावल्या, तेव्हा कळले की तो चावी दाखवून येतो. चावी म्हणजे संगणकात ठेवलेली एक फाईल. ती जुळली की सर्व्हर पासवर्ड मागत नाही. आणि ती चावी होती आमच्या मुख्य कार्यालयातल्या मशीनची. ते मशीन माझ्या समोर होते, कव्हर घालून बंद.

अध्यक्षांना सांगणे भाग होते. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्या घरातली चावी तिकडे गेली. विजयदुर्गला संगणकावर बसतं कोण?"

बसणारी एकच होती. जेटीवर मासे विकणाऱ्या बाईची मुलगी, शाखा उघडल्यापासूनची कारकून. शनिवारच्या सभेत तिला कामावरून काढण्याचा ठराव येणार असे ठरले. मी म्हटले, कारण अजून सापडलेले नाही. अध्यक्ष म्हणाले, "कारण तुम्ही सावकाश शोधा."

दुपारी तिचा फोन आला. ऑफिसात ती माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायची. त्या दिवशी नाही.

"भाऊ, माझा नाव कित्याक लावलात? मी काय केलंय?"

"मी नाव लावलं नाही. नोंदीत शाखेचा पत्ता आहे."

"शाखेत मी सोडून आसा कोण? नोकरी गेली तर आवशीच्या बाजूक टोपली घेवन बसतलंय, त्याची माका लाज नाय. पण चोरणीकडसून मासे कोण घेतलो?"

फोन ठेवला. मी पुन्हा नोंदी वाचत बसलो. इतक्या वेळा वाचल्या की अक्षरे दिसेनाशी झाली. एकच विचित्र गोष्ट हाती लागली: चोर सोमवारी येत नव्हता. एकाही सोमवारी नाही. अध्यक्षांना सांगितले तर म्हणाले, "चोर असला तरी धार्मिक दिसतो."

शुक्रवारी एसटीने निघालो. तळेऱ्याला गाडी बदलली आणि वाटेत तिला काय सांगायचे याची वाक्ये जुळवत राहिलो. विजयदुर्ग आले तरी एकही जुळले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक शाखेने दिवा, पंखा, संगणक बंद करावा असे अध्यक्षांचे परिपत्रक होते, आणि सगळ्या शाखा ते भक्तिभावाने पाळत. इथे मात्र सगळे चालू. समोर मासे विकून आलेल्या बायकांची रांग, खोलीभर बांगड्याचा वास. मी बाजूला बसून पडद्यावर सर्व्हरची नोंद उघडून ठेवली. ती कारकून मुलगी एका म्हातारीचा अंगठा शाईत दाबत होती. "इतक्या घट्ट कित्याक धरतंस गो, बाये," म्हातारी म्हणाली, "पळान जावचय नाय." त्याच क्षणी नोंद उमटली: विजयदुर्ग, चावी मान्य. तिचे दोन्ही हात म्हातारीच्या अंगठ्यावर होते.

"सोमवारी काय करतेस?" मी विचारले.

"सोमवारी मासे कोण खातत? बायो येणत नाय. मगे सगळा बंद करून घराक जेवूक जातंय."

मग त्या मशीनच्या आत शिरलो. मुख्य कार्यालयाची चावी तिथे होती, आणि रोज दीड वाजता सर्व्हरवरून हिशेबाची प्रत आणण्याचे एक आपोआप चालणारे कामही. मग मला संगणकांच्या उद्घाटनाची ऐकलेली हकिकत आठवली. मुख्य मशीनसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्याने साकडे: सगळ्या शाखांची राखण कर रे महाराजा! होय महाराजा! दर शाखेत वेगळे गाऱ्हाणे परवडणारे नव्हते. म्हणून अध्यक्षांनी संगणक बसवणाऱ्या माणसाला सांगितले की इतर मशीन नव्याने तयार करू नका, या पुजलेल्याचीच जशीच्या तशी प्रत काढा. प्रतीबरोबर चावी गेली आणि ते कामही गेले. बाकी सगळीकडे, मुख्य कार्यालयातसुद्धा, दीड वाजता मशीन परिपत्रकाप्रमाणे बंद असे. चोरी पकडली गेली ती फक्त जेवण सोडून काम करणाऱ्या शाखेत.

शनिवारी सभेत मी हे सांगितले. 

"म्हणजे गाऱ्हाणं चुकलं म्हणता?" अध्यक्षांनी विचारले.

"गाऱ्हाणं नाही. प्रत."

त्यांना वाट मिळाली. ठराव मागे घेतला गेला. दर मशीनला स्वतंत्र चावी द्यावी आणि स्वतंत्र गाऱ्हाणे घालावे असे सर्वानुमते ठरले. चाव्या मी एका दुपारी करून टाकल्या. गाऱ्हाण्यांसाठी अध्यक्ष स्वतः फोंडाघाटापासून किनाऱ्यापर्यंत सगळ्या शाखा फिरले आणि दर ठिकाणी विश्वासावर बोलले. विजयदुर्गला ती कडेला उभी राहून सगळ्यांबरोबर "होय महाराजा" म्हणाली.

तिथला गाऱ्हाण्याचा नारळ नासका निघाला. दुकान समोरच होते, दुसरा आणला.