शिमग्यातलं गाऱ्हाणं

रत्नागिरीत इंजिनिअरिंग संपवून मी दोन वर्षं घरीच होतो. बाबांबरोबर आंब्याच्या बागेत राबत होतो आणि रमलोही होतो. हे त्यांना सांगायची हिंमत मात्र झाली नाही. शिमग्यात देवाची पालखी अंगणात आली, तेव्हा बाबांनी गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं, “पोराला पुण्यात नोकरी लागू दे.” सगळ्यांबरोबर मीही ओरडलो, “व्हय महाराजा!” देव एवढा तत्पर असेल असं वाटलं नव्हतं. आंबा उतरायच्या आत मी पुण्यात होतो.

यंदा शिमग्याला साहेबाने रजा दिली नाही. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोनवर पालखी पाहिली. गुरवाने विचारलं, “यंदा काय मागूया?” आता घरात एकटेच असलेले बाबा म्हणाले, “मागचं गाऱ्हाणं मागे घेता येतं काय?”

“व्हय” म्हणायला कोणी धजलं नाही. मीसुद्धा.